एक नंबरचा दगड

“बंद करा! आधी बटण बंद करा!”

कुंपणाच्या भिंतीपलीकडून हा आवाज आला, तेव्हा घरातल्या धाकटीचा हात बटणापासून वीतभर अंतरावर थिजलेला होता. दगड कापण्याचे नवेकोरे यंत्र किंचाळत होते आणि झाकणाच्या काचेवर आतून काहीतरी धडाधड आदळत होते. एवढ्यात कोणीतरी भिंतीवरून उडी मारून गॅरेजात शिरले आणि मुख्य स्विच खाली ओढला. यंत्र कण्हत कण्हत थांबले.

तो शेजारचा पंप दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक होता. हातात पाना, खरचटलेला गुडघा, आणि श्वास तिच्याहूनही अधिक फुललेला.

“लागलं का कुठं?”

तिने नकारार्थी मान हलवली.

गलका ऐकून तिच्या आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “आमच्या घराला फाटक आहे,” त्या म्हणाल्या.

“फाटकातून आलो असतो तर उशीर झाला असता, आजी.”

“आजी असेल तुझ्या घरी. मला आत्या म्हणायचं.”

त्याने निमूटपणे होकार दिला आणि यंत्राचे झाकण उघडले. आत सरावासाठी लावलेल्या दगडाच्या ठिकऱ्या पडल्या होत्या आणि हिऱ्याची धार असलेली चकती वाकडी झाली होती. “गोल दगड तसाच पकडीत आवळलात? निसटणारच तो. माझे काका फरशा कापायचे... लहानपण याच आवाजात गेलं माझं.”

धाकटीचे लक्ष मात्र भिंतीवरच्या फळीकडे होते. तिच्या वडिलांनी जमीनमोजणीच्या नोकरीत पायपीट करून जमवलेले बत्तीस दगड तिथे ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातलेला होता. त्यांतला एक नंबरचा दगड नारळाएवढा, काळपट, अगदी गोल. अशा दगडाच्या पोटात कधी कधी स्फटिक सापडतात. ‘सवडीने कापू’ म्हणता म्हणता तीस वर्षे लोटली, आणि आता वडिलांची दृष्टी मावळू लागली होती. वर्षअखेरीस फक्त उजेड आणि सावली कळेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. महिन्यापूर्वी त्यांनी एक नंबर प्रथमच बोटांनी चाचपून ओळखला, आणि त्याच दिवशी धाकटीने हे यंत्र मागवले. आज चुरा झाला तो सरावाचा दगड होता. तिथे एक नंबर असता तर? शिवाय आणखी एक भीती होती, जी तिने कोणापाशी बोलून दाखवली नव्हती. आत काहीच नसले तर?

मेकॅनिक पुढच्या रविवारी नवी चकती घेऊन आला. पण तीही दगडावर नुसती घासू लागली. पाण्याचा फवारा असूनही करपट वास सुटला. धाकटी दोन पावले मागे सरकली.

“घाबरू नका. नवी चकती बुजरी असते. हिरे अजून उघडे पडले नाहीत तिचे. आधी वीट कापायची.”

त्याने एक वीट कापली, मग दुसरी, मग तिसरी. फवाऱ्याने दोघांचेही चष्मे लाल ठिपक्यांनी भरले. तिने त्याचा चष्मा काढून ओढणीने पुसला आणि परत त्याच्या डोळ्यांवर ठेवताना तिची बोटे क्षणभर कानशिलापाशी रेंगाळली...

“काय रे,” आत्यांनी खिडकीतून विचारले, “विटा कापायला आलास की घर बांधायला?”

“तुम्ही परवानगी दिलीत तर—” तो म्हणाला, आणि आपणच जीभ चावली. धाकटीने मान खाली घातली. पण हसू काही लपले नाही.

तिसऱ्या रविवारी त्यांनी दुधाच्या रिकाम्या खोक्यात एक नंबर ठेवून भोवती प्लॅस्टर ओतले. गोल दगडाला अशा सपाट बाजू मिळाल्या, की पकडीतून तो निसटत नाही. दुसऱ्या दिवशी सुटी होती. वडील दाराजवळ खुर्चीत बसले, काठीवर हनुवटी टेकून.

धाकटीने मूठ धरून दगडाचा सरकता गाडा चकतीकडे लोटला. चकतीने प्लॅस्टर ओलांडले, दगडाला दात लावला. एक इंच. दोन इंच. आणि मध्येच यंत्राचा आवाज खाली बसला.

तिचा हात सुटू लागला.

“सोडू नका,” तो हलकेच म्हणाला. “जोर कमी करा, एवढंच. दमलंय ते. थोडा श्वास घेऊ द्या त्याला.” आणि त्याचा तळवा तिच्या हातावर आला. तो चक्क थरथरत होता!

“तुम्ही का थरथरताय?”

“मलाही भीती वाटते.”

“दगड फुटेल म्हणून?”

“नाही...” तो काचेतून आत पाहत राहिला. “कापून होईल म्हणून. मग मला इथं कोण बोलावणार?”

एवढ्यात आतून ‘टक्’ असा आवाज झाला. दगडाची दोन शकले वेगळी झाली होती.

तिने यंत्र बंद केले. पण झाकण उघडण्याचे धैर्य होईना. अखेर दोघांनी मिळून ते उचलले. एका कडेचा टवका उडाला होता. करड्या-निळ्या वलयांच्या मधोमध मुठीएवढी पोकळी होती, आणि तिच्यात साखरेसारखे स्फटिक ओलेते चमकत होते.

वडिलांनी त्यातले एक शकल अंगणातल्या उन्हात नेले, डोळ्यांशी धरले, तिरके केले, पुन्हा सरळ केले.

“तीस वर्षं मी याला नुसता बाहेरून पुसत बसलो,” ते म्हणाले.

मेकॅनिक आपले पाने पिशवीत भरू लागला. एकेक पाना पुसून, फार सावकाश. धाकटी फळीपाशी गेली आणि दोन नंबरचा दगड त्याच्यासमोर आणून ठेवला.

“प्लॅस्टर सुकायला एक दिवस लागतो,” ती म्हणाली. मग इतके दिवस जपलेले ‘तुम्ही’ तिने बाजूला ठेवले. “उद्या ये.”

त्याने तिच्याकडे पाहिले, मग फळीवरच्या तीस दगडांकडे. पिशवी हातातून खाली गेली. “येतो,” तो म्हणाला.

“आणि फाटकातून ये!” खिडकीतून आत्यांचा हुकूम आला.