मागच्या चाकांचे पाच किलोमीटर

शिरूरच्या एसटी स्टँडमागे माझं गॅरेज आहे. बाहेर पाटी आहे, ‘महेंद्र ऑटो वर्क्स. गिअरबॉक्स व डिफरन्शियलचे काम खात्रीने केले जाईल.’ त्यातला ‘खात्रीने’ हा शब्द मी पेंटरकडून मुद्दाम लाल रंगात काढून घेतला. नऊ वर्षं रांजणगावच्या एका कारखान्यात फिटर होतो. तिथं आमची भांडणं मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून व्हायची. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात वाढलो, त्यामुळे नवस, अंगारे, भूतखेत यांच्याशी माझं देणंघेणं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक मला डोक्यावर पडलेला समजतात.

२००४ सालचा जानेवारी होता. पुण्याचे बांधकामवाले बबनराव ट्रेलरवर दोन गाड्या घालून आले. दोन्ही एकाच जपानी बनावटीच्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या, रॅलीत पळणाऱ्या. बाहेरून जुळ्या बहिणी. आतून मात्र एक जोरकस आणि दुसरी तिचीच साधी आवृत्ती. जोरकस गाडीच्या मागच्या डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दातेरी पेटीचे, दात उडाले होते. साधी गाडी दौंडच्या रस्त्यावर बाभळीवर आदळून पुढून चेपली होती, पण तिचा मागचा भाग शाबूत होता. रॅली तीन आठवड्यांवर, आणि जपानहून नवीन भाग यायला दोन महिने.

“हिचा काढा आणि तिला बसवा,” बबनराव म्हणाले.

बोल्टांची भोकं जुळत होती. तेवढ्यावर काम झालं असं समजणारे मिस्त्री तालुक्यात ढिगानं आहेत. अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलच्या दातांचं प्रमाण एकच असावं लागतं. नसलं, तर पुढची चाकं जेवढी फिरतात त्याहून मागची जास्त किंवा कमी फिरू बघतात. रस्ता एकच, गाडी एकच. मग दोघांची जुंपते आणि गिअरबॉक्स फुटतो. शंभरच्या वेगात तो अडकला, तर गाडी कोलांट्या खाते आणि आतली माणसं पत्रा कापून बाहेर काढावी लागतात.

साधी गाडी दोन वेगवेगळ्या प्रमाणांत यायची. आमच्या भागावरचा नंबराचा बिल्ला कधीच गळून पडला होता. म्हणजे मोजून बघणं आलं.

रॅलीत जोरकस गाडी चालवणार होती मोनिका. माझ्याकडं आठ वर्षं काम करणाऱ्या हरिबा मामांची मुलगी, वय चोवीस. मामांनी चाळिशीपर्यंत मेंढरं राखली, मग मांडवगण फराट्याला घर बांधून थांबले. मोनिका रोज पहाटे मांडवगणहून शिरूरला दुधाचा टेम्पो आणायची आणि त्या रस्त्यावर एका कॅनचं झाकण उडू द्यायची नाही. बबनरावांचा ड्रायव्हर बाभळीच्या अपघातात हात मोडून बसला होता. मी हट्ट धरला म्हणून त्यांनी मोनिकाला दुसरी एक गाडी घोडनदीच्या वाळूत चालवायला दिली आणि दोनदा घड्याळ बघितलं.

“पहिली आलीस तर वर्षभर गाडी तुझी,” ते तिला म्हणाले. “नाही आलीस तर टेम्पो आहेच.”

त्या दिवसापासून मोनिका गॅरेजमध्ये आली की गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवायची. तिला ती गाडी किती हवी होती हे मला दिसत होतं, आणि ती तिला मिळावी असं मलाही मनापासून वाटत होतं.

मोजायची पद्धत सोपी आहे. डिफरन्शियलमधून येणाऱ्या लांब दांड्यावर खडूची खूण करायची, मागची दोन्ही चाकं बरोबर दहा वेळा फिरवायची आणि दांडा किती वेळा फिरला ते मोजायचं. जोरकस गाडीचं पुढचं आम्ही आधीच मोजलं होतं, चव्वेचाळीस. मागचंही तेवढंच यायला हवं होतं. चेपलेल्या गाडीच्या मागच्या एका चाकाला मी, मोनिका दुसऱ्या चाकाला, आणि मामा गाडीखाली उताणे. त्यांचं मोजणं कधी चुकत नसे. बेअरिंगच्या गोळ्या डब्यात ओतल्या की ते नुसत्या आवाजावरून एक कमी आहे म्हणून सांगत.

दहा फेऱ्या झाल्या. बबनराव बाजूला उभे होते, त्यांनीच वाकून विचारलं, “किती?”

मग मामा म्हणाले, “दोन विसा न् चार.”

चव्वेचाळीस. मी वहीत लिहिलं. पुन्हा मोजलं नाही. ‘खात्रीने’ लिहिणाऱ्या माणसानं पुन्हा मोजायला हवं होतं, हे मी नंतर स्वतःला बऱ्याचदा ऐकवलं आहे.

तेलाचे सील उशिरा आले, त्यामुळे भाग बसला तो रॅलीच्या आदल्या दिवशी. चाचणीला वेळच उरला नाही. आणि बबनरावांचा नेहमीचा नकाशा वाचणारा ‘टेम्पोवालीच्या शेजारी बसणार नाही’ म्हणाला, तेव्हा मीच हेल्मेट चढवलं.

एकच टप्पा होता. इनामगावच्या शिवेवरून निघायचं, मांडवगण फराट्यावरून खाली उतरायचं आणि दौंडच्या मैदानात थांबायचं. वाकडातिकडा मुरमाचा रस्ता, एकोणचाळीस किलोमीटर. सकाळी संयोजकांनी प्रत्येक चाकाखाली एक असे चार काटे ठेवून गाडीचं वजन केलं. मागच्या दोन चाकांची बेरीज पाचशे बारा किलो भरली. दहा वाजता झेंडा पडला आणि मोनिकानं गाडी अशी सोडली की माझी मान मागं गेली.

माझ्यासमोर अंतर दाखवणारं यंत्र होतं, त्याची तार मागच्या चाकाला जोडलेली. मोनिकासमोरचा गाडीचा मूळ मीटर पुढच्या चाकांवरून चालायचा. कालव्याच्या दारापाशी पहिलं मोठं वळण होतं. नकाशात लिहिलं होतं तीन पूर्णांक नऊ. मोनिकाचा मीटर तेच दाखवत होता. माझं यंत्र मात्र चार पूर्णांक चार.

यंत्र चुकतंय, म्हणून मी त्याला टपली मारली. पुढचं वळण सात पूर्णांक आठला. यंत्रावर आठ पूर्णांक आठ.

एकोणचाळीस आणि चव्वेचाळीस. मागचा डिफरन्शियल चुकीचा होता. मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा जास्त फिरत होती, आणि मी त्याच गाडीत शंभरच्या वेगात बसलो होतो, शेजारी मामांची एकुलती एक लेक.

“मोनिका, थांबव! मागचं चुकीचं बसलंय. पुढची-मागची चाकं जुळत नाहीत.”

“मग चालतीय कशी?”

“चालायला नको होती. पहिल्या किलोमीटरलाच फुटायला पाहिजे होती. आता फुटंल.”

तिनं वळण घेतलं. गाडी न कुरकुरता वळली.

“दादा, लोण्यावानी चाललीय. मी न्हाई थांबनार. तुमाला उतरायचं आसंल तर आत्ताच सांगा.”

मला तिचा राग आला, माझा स्वतःचा त्याहून जास्त आला. पण उतरलो नाही. पुढचं वळण वाचलं.

मांडवगणच्या अलीकडं मला आवाज वेगळा लागला. पुढच्या चाकांखाली मुरूम करकरत होता. मागून मात्र चिखलातून चाक जावं तसा ओला, जड आवाज येत होता. फेब्रुवारीतला कोरडा रस्ता, आठवडाभर टँकरसुद्धा फिरला नव्हता. मग वास आला. ओल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा. मामा कामाला आले तेव्हा पहिलं वर्षभर त्यांच्या घोंगडीला यायचा तोच.

मी मान वळवून मागच्या काचेतून बघितलं.

आमच्या मागं धुळीचा लोट हवा होता. धूळ नव्हती. काळ्या मातीची ओली वाट होती, दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत. पुढच्या काचेत ऊस, विजेचे खांब, बांधावर उभी राहून शिट्ट्या मारणारी माणसं. मागच्या काचेत त्यातलं काहीच नाही. ना खांब, ना माणूस.

“मागं बगू नका, दादा.” मोनिकाचे डोळे रस्त्यावरच होते. आरसा तिनं केव्हाच छताकडं वळवला होता.

“काय आहे मागं?”

“येत्यात तशी येऊ द्या. तुमी वळान सांगा.”

मी वळण सांगितलं.

“डावं. मग उतार.”

ती हसली. उतारावर तिनं ब्रेकला पायच लावला नाही. मागून गाडीला कुणीतरी बूड टेकून धरल्यासारखी ती रस्त्याला चिकटून होती. एकदाही घसरली नाही.

तीस किलोमीटर. यंत्रावर तेहेतीस पूर्णांक आठ.

पुढं भीमेचा पूल.

पुलावर पुढची चाकं काँक्रीटवर घरघरली. मागची तशीच चिखलात.

मग दौंड.

आम्ही पहिले आलो. दुसऱ्या गाडीपेक्षा एक मिनिट बारा सेकंद आधी. मैदानात हलगी कडाडत होती. बबनरावांनी मोनिकाला गाडीतून जवळजवळ ओढूनच काढलं आणि माईकवरून सांगून टाकलं, “वर्षभर गाडी हिची!” हरिबा मामांनी पिशवी उघडून भंडारा उधळला, आम्ही तिघं पिवळेधमक झालो. मोनिका रडत होती आणि हसत होती. माझाही ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू. दुधाच्या टेम्पोवर बसून ही पोर आयुष्य काढणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि आता सगळा दौंड तिच्या नावानं ओरडत होता.

गर्दी बक्षिसाच्या मंचाकडं वळली तसा मी गाडीखाली शिरलो. एवढं पळाल्यावर डिफरन्शियलला हात लावला तर कातडी सोलून निघते. तो माठासारखा गार होता. मागच्या टायरांच्या खाचांत काळा चिखल भरलेला, अजून ओला. दोन्ही मीटर पुन्हा बघितले. पुढच्या चाकांचे एकोणचाळीस किलोमीटर, मागच्यांचे चव्वेचाळीस.

मी मामांना दंडाला धरून बाजूला घेतलं. “मामा, त्या दिवशी खरे आकडे किती आले होते?”

त्यांचा चेहरा उतरला. “एक कमी दोन विसा.”

“एकोणचाळीस! मग चव्वेचाळीस का सांगितलं? पोरगी मेली असती तुमची!”

“आमच्या घरात चालत्या जितराबाचा खरा आकडा परक्याला सांगत न्हाईत, महेंद्र. नजर लागती. माजा बा देवाची पाच मिळवून सांगायचा. बबनरावांनी वाकून इचारलं किती, आन् दांडा तर चालता व्हता... तोंडातनं आपसूक गेलं. रातच्याला ध्यानात आलं. तुमाला सांगाया उठलोबी.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“बा म्हनायचा, देवाची पाच एकदा बोलली की मागं घ्यायची न्हाईत. ती कळपाच्या मागनं चालत्यात. मागं घेतली तर कळपातली जात्यात.” मामांनी मंचाकडं, मोनिकाकडं बघितलं. “कळपात माजी येकच हाय.”

तेवढ्यात संयोजकांचा माणूस काटे घेऊन आला. पहिल्या तीन गाड्यांचं पुन्हा वजन होतं. वजन कमी भरलं तर गाडी बाद. जास्तीला कुणाची हरकत नसते.

गाडी रिकामी करून काट्यांवर घेतली. पुढचं वजन सकाळएवढंच. मागं वीसेक किलो पेट्रोल जळालेलं, म्हणजे चारशे ब्याण्णवच्या आसपास यायला हवं. आकडा आला सहाशे सत्तेचाळीस.

“मागं काय भरलंय?” त्यानं डिकी उघडली. आत जॅक आणि एक जादा चाक, सकाळी होतं तेवढंच. त्यानं काट्याला शिवी दिली, गाडी पास म्हणून कागदावर सही केली आणि दुसरा काटा बघायला मंचामागं गेला.

गाडीपाशी आम्ही तिघंच उरलो. मामांनी डिकीचं झाकण पूर्ण वर केलं. वाघरीचं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीचं, तोंड उघडून माणूस बाजूला होतो तसे ते एका अंगाला सरकले आणि जिभेनं हलकेच आवाज केला, “हुर्रर्र... हुर्रर्र.”

मागच्या स्प्रिंगा जराशा वर आल्या. आकडा सहाशे सोळा झाला.

पुन्हा वर आल्या. पाचशे पंच्याऐंशी.

पाचशे चोपन्न.

पाचशे तेवीस.

मी वाट बघत राहिलो. अजून एकतीस किलो उतरायला हवे होते. मामांनी पुन्हा आवाज दिला, मग आणखी एकदा. आकडा हलला नाही.

“चारच उतरली,” मामा पुटपुटले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू यावर माझ्याकडं एखादा पाना असेल.

मोनिका पुढं आली. तिच्या केसांत भंडारा होता, गळ्यात बक्षिसाचा हार. तिनं दोन्ही हातांनी झाकण खाली घेतलं, आवाज न होऊ देता, पाळण्याजवळचं दार लोटावं तसं.

“ऱ्हाऊ दे, आबा. तिला न्हाई यायचं.” मग ती माझ्याकडं वळून हसली. “दादा, पुढच्या म्हैन्यात नाशिक हाय. मागचा डिफरन्शियल बदलू नका.”

माझी नजर काट्यांवर होती. मागच्या डाव्या चाकाखालचा आकडा हळूहळू कमी होत होता आणि उजव्याचा तेवढाच वाढत होता. मग दोन्ही स्थिर झाले. उजवीकडं ड्रायव्हरची सीट असते.