अकरातली एक

"अहो, हा कागद तुमचा का?"

मी मान वर केली. तपासणी केंद्राच्या त्या लांबलचक खोलीत, शेजारच्या खुर्चीवर एक तरुण माझाच कागद हातात धरून बसला होता. रुमाल शोधताना पिशवीतून पडला असावा.

"माझाच," मी घाईघाईने डोळे पुसले. "उद्या नववीच्या वर्गात चर्चेला द्यायचाय. गणित शिकवते मी."

"बाप रे! माझं चष्म्याचं दुकान आहे. पण गणित दिसलं की माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी येते."

मला हसू आलं… आणि हसू आल्याचंच नवल वाटलं. कारण नुकतंच आतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं – छातीच्या तपासणीत काहीतरी संशयास्पद दिसतंय, आजच आणखी एक तपासणी करू, जरा बाहेर बसा. तेव्हापासून मी नुसती बसले होते. आईला फोन लावायलाही हात धजावत नव्हता.

तो मोठ्याने वाचू लागला, "हजार बायकांपैकी दहाजणींना आजार आहे. तपासणी त्यांतल्या नऊजणींना अचूक पकडते, पण एकोणनव्वद निरोगी बायकांनाही उगाच संशयित ठरवते. तुमचा निकाल संशयास्पद आला, तर…"

तो थांबला. माझ्या लाल डोळ्यांकडे, मग समोरच्या बंद दाराकडे बघितलं. त्याला सगळं कळलं.

"माफ करा हं…"

"नाही, वाचा ना. तर खरोखर आजार असण्याची शक्यता किती? सांगा."

"नव्वद टक्के?" तो चाचरत म्हणाला.

"माझा अख्खा वर्ग हेच सांगणार आहे."

"म्हणजे मी पास?"

"साफ नापास! नीट बघा. संशयित एकूण किती?"

त्याने बोटांवर आकडे जुळवले. "नऊ आणि एकोणनव्वद… अठ्ठ्याण्णव."

"त्यांत खऱ्या आजारी?"

"नऊच की! म्हणजे… अकरांत एक?"

"जवळपास."

हे आकडे मी मुलांना सोपे जावेत म्हणून घेतले होते. माझ्या तपासणीशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही समजावता समजावता माझा श्वास हळूहळू ताळ्यावर आला. संशय म्हणजे निकाल नव्हे, हे मी दरवर्षी घसा कोरडा करून सांगायचे. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र पार विसरले होते.

तो कागदाकडे बघत राहिला. मग हलकेच म्हणाला, "आणि ती अकरातली एक… आपणच असलो तर?"

एवढ्या वर्षांत कुणी हे विचारलंच नव्हतं.

"तर मग… हे गणित तिच्या कामाचं नाही."

"हं. तिला सोबत लागेल," तो म्हणाला आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसला. "मी आहे इथे."

इतक्यात त्याची आत्या गुडघ्याचा फोटो काढून लंगडत बाहेर आली. "चल रे, झालं माझं."

"आत्या, जरा बसूया?"

आत्याने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बसू की! उभं राहायची हौस कुणाला आहे?" असं म्हणून तिने पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलून पहिली फोड माझ्या हातावर ठेवली. मला आत बोलावलं तेव्हा दोघं तिथेच होती. बाहेर आले तेव्हाही. निघताना निकाल कधी, शाळा कुठली, हे आत्याने विचारून घेतलं, आणि त्याचं दुकान कुठे आहे तेही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चा रंगली. उत्तर फळ्यावर लिहून झाल्यावर मी त्याचा प्रश्न मुलांपुढे ठेवला. मग शेवटच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी मुलगी उठली. "बाई, मग तिला टक्के सांगून गप्प बसायचं नाही. तुझ्याबरोबर कोण येतंय, ते विचारायचं."

मी फळा पुसायला वळले, आणि बराच वेळ पुसतच राहिले.

निकालाच्या दिवशी आई माझ्याबरोबर होती. आणि केंद्राच्या दाराशी तो, न बोलावता आलेला. निरुपद्रवी गाठ निघाली. आई रडली, मी हसले, त्याने लांबूनच हात जोडले – देवाला की डॉक्टरीणबाईंना, कोण जाणे.

"आता तुम्हाला सोबत नको," तो म्हणाला, आणि गर्दीत दिसेनासा झाला.

बरी असल्याचा आनंद होताच. सकाळचा चहासुद्धा नव्याने गोड लागत होता. पण आनंदाची बातमी ज्याला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटत होती, तोच नेमका समोर नव्हता. शेवटी एका संध्याकाळी मी त्याच्या दुकानाची पायरी चढले.

"डोळे तपासायचेत," मी म्हणाले.

त्याने नजर तपासायची जड गोल चौकट माझ्या नाकावर चढवली. तीत एकेक काच बदलून बघितली. मी सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळही घडाघडा वाचून टाकली.

"नजर ठणठणीत आहे," तो पडेल आवाजात म्हणाला. "चष्म्याची गरज नाही."

"ठाऊक आहे मला. आभार मानायला आले होते."

"आभार कसले? मी तर नुसता बसलो होतो."

"म्हणूनच," मी म्हणाले. "सगळे काळजी करू नकोस म्हणतात. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही बसून राहिलात."

तो काउंटरवरची पुसलेली काच पुन्हा पुसू लागला. "मी… शाळा सुटायच्या वेळी दोनदा त्या रस्त्याने आलो होतो. पण धीर झाला नाही. आज तुम्ही स्वतः आलात, म्हणजे… मी काही समजू का?"

"समजू नका. अंदाज चुकतात," मी म्हणाले. "विचारा."

त्याने काच खाली ठेवली. कान लालेलाल झाले होते.

"लग्न कराल माझ्याशी?"

"हो," मी म्हणाले. ती चौकट अजून माझ्या नाकावरच होती, आणि डोळ्यांतल्या पाण्याने काचा धूसर झाल्या होत्या. त्याने ती अलगद उतरवली, रुमालाने आधी माझे डोळे टिपले, मग काचा. आणि संध्याकाळची गिऱ्हाइकं यायच्या वेळीच खुशाल दुकानाचं शटर खाली ओढलं.

"चला," तो म्हणाला, "आधी तुमच्या आईंना सांगू."