राजाच्या पलंगाची राख

मेबल थर्टलचा देह जिन्यावरून खाली आणत होते, तेव्हा लॉर्ड हेदर्सबी पलंगाबद्दल बोलत होते.

"तीनशे वर्षं तो पलंग या घरात होता, इन्स्पेक्टर. आणि एका शिवणाऱ्या बाईच्या हलगर्जीपणानं तो तासाभरात गेला."

इन्स्पेक्टर सिरिल लार्टरनं टोपी काढली. स्ट्रेचर समोरून गेलं. लॉर्डसाहेब अर्धं पाऊल मागे सरकले, बोलणं मात्र थांबलं नाही. 

हेदर्सबी हॉलचा तो पलंग अख्ख्या नॉरफक परगण्याला ठाऊक होता. कुठल्याशा राजाच्या मुक्कामासाठी तो घडवला होता. राजा आलाच नाही, पलंग राहिला. लाल मखमलीचे पडदे आणि त्यांवर चांदीच्या जरीचं भरगच्च काम. उन्हाळ्यात लोक तिकीट काढून ते दोरीपलीकडून बघायचे. जरीचं काम उसवायला लागलं तशी मेबल थर्टल तिथे टाके घालायला बसू लागली, त्याला दहाएक वर्षं झाली होती. गेला हिवाळाभर ती छातीच्या दुखण्यानं घरी होती. या सोमवारीच कामावर परतली होती. आज गुरुवार.

"आग कशानं लागली?" लार्टरनं विचारलं.

"रॉकेलच्या शेगडीनं. ऊब हवी म्हणून तिनं ती आत नेली असणार. पॅलग्रेव्ह, सांग यांना."

पॅलग्रेव्ह घरचा म्हातारा बटलर होता. त्याचे डोळे धुरानं लाल झाले होते, की रडून, ते कळत नव्हतं.

"खोलीला दारं किती?"

"दोन, साहेब. मोठं दार बघे नसले की कुलपात असतं. दुसरं लहान, भिंतीच्या फळ्यांतच बसवलेलं. ते मागे नोकरांच्या बोळात उघडतं. मिस थर्टल त्याच दारानं ये-जा करायच्या."

"त्या सापडल्या कुठे?"

"लहान दारापाशी."

"मग बाहेर का नाही आल्या?"

पॅलग्रेव्हनं डोळे पुसले. "दार फुगलं असेल, साहेब. इथे ओल फार."

"बोळातून ते उघडायला कुणी गेलं नाही?"

"आम्हाला धूर दिसला तो मोठ्या दाराखालून. त्याला कुलूप होतं. आगवाल्यांनी कुऱ्हाडीनं फोडलं."

"आणि ही शेगडी कुठली?"

"घरात अशा दोन आहेत. एक प्रार्थनाघरात, एक काचघरात, बाईसाहेबांच्या झाडांना ऊब द्यायला."

"घाबरली असेल हो," लॉर्डसाहेब मध्येच म्हणाले. "धुरात दार सापडलं नसेल."

"दहा वर्षं ज्या दारानं जाते-येते, ते दार?" लार्टरनं विचारलं. लॉर्डसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

बोळ अरुंद होता, भिंतींना पांढरा तेलरंग. लहान दाराला बाहेरच्या अंगाला एक जुनी कडी होती. कधीकाळी भिंतीबरोबर तीही रंगवून टाकलेली, म्हणजे वर्षानुवर्षं कुणी हलवलेली नव्हती. आता कडी उघडीच होती. पण तिच्यावरचा रंग तडकला होता, चिरेतून लोखंड चमकत होतं आणि खाली फरशीवर रंगाचे ताजे पापुद्रे पडले होते.

लार्टरनं दोन पापुद्रे रुमालात गुंडाळून घेतले.

"आज घरात कोण कोण होतं?"

"लॉर्डसाहेब, त्यांच्या बहीणबाई लेडी रोझमंड, आणि मी," पॅलग्रेव्ह म्हणाला. "बाकीच्यांना सुट्टी होती. यारमथला जत्रा आहे ना."

लेडी रोझमंड बागेकडच्या दिवाणखान्यात बसल्या होत्या. उजव्या हाताला पट्टी, मांडीवर रुमाल. शेजारच्या मेजावर लाल मखमलीचा एक तुकडा ठेवला होता, कडेनं काळा पडलेला, त्यावर रुपेरी वेलबुट्टी.

"एवढंच वाचलं," त्या म्हणाल्या. "मेबल मला नोकरासारखी नव्हती, इन्स्पेक्टर. आम्ही दोघी मिळून त्या पलंगावर जीव टाकला."

"हा तुकडा तुमच्या हाती कसा लागला?"

"मोठ्या दाराची किल्ली माझ्याकडेच असते. दार उघडलं तर धुराचा लोट अंगावर आला. जवळचा पडदा हाताला लागला. ओढला, तो टरकून एवढा हातात आला. मग ज्वाळा उठल्या. मी दार ओढून घेतलं आणि मदतीला धावले."

"आणि मिस थर्टल?"

"मी हाक मारली. उत्तर नाही आलं."

लार्टरनं तुकडा उचलून उजेडात धरला, उलटसुलट केला आणि परत ठेवला. "हा मला लागेल, बाईसाहेब."

"परत द्याल ना?"

बाहेर लॉर्डसाहेब सिगार ओढत उभे होते. "रोझमंडचा जीव या विटांत अडकलाय," ते म्हणाले. "मला विचाराल तर उद्या पाडून टाका. वारसा जपणारी एक संस्था हे घर घेणार होती. शनिवारी त्यांचे जाणकार पलंग तपासायला यायचे होते. आता कसले येतात."

ते सांगताना त्यांना फारसं वाईट वाटत असल्याचं दिसलं नाही. लार्टरनं तेही लक्षात ठेवलं. हा माणूस गुन्हेगार निघाला तर त्याला मनापासून आवडलं असतं.

मेबल गावात भाचीकडे राहायची. भाची डोरीन स्वयंपाकघरात उभीच होती. खुर्ची तिनं ना स्वतः घेतली, ना लार्टरला दिली.

"हलगर्जी म्हणतायत तिला," ती म्हणाली. "बेकरीत सुद्धा. सकाळपर्यंत हेच बोलत होते की मेबलसारखी नीटनेटकी बाई नाही. वाड्यावरून एक शब्द आला आणि सगळ्यांच्या जिभा फिरल्या."

"मावशी खोलीत शेगडी न्यायच्या?"

"त्या खोलीत ती कुणाला काडी ओढू द्यायची नाही. थंडीनं बोटं फुटायची तिची, रक्त यायचं. चिंध्या बांधून शिवायची, पण विस्तव नाही म्हणजे नाही. अन् तुम्ही मला शेगडी विचारताय?"

"मी विचारतोय, कारण मलाही पटत नाही."

 डोरीननं खुर्ची पुढे सरकवली.

"परत कामावर गेल्यापासून गप्प गप्प होती. काल म्हणाली, 'डोरीन, त्या पडद्यांवर माझा एकही टाका नाही.' मला वाटलं, तापानं डोकं फिरलंय. म्हटलं, वर कुणाला तरी सांग. तर म्हणाली, 'ज्यांचा त्या पलंगावर जीव आहे त्यांनाच उद्या सांगते.'"

"कोण ते, सांगितलं?"

"नाही. मी विचारलंच नाही हो." तिनं ओट्यावर मूठ आपटली. "मी बटाटे सोलत बसले."

दुसऱ्या दिवशी सकाळी लार्टर आणि हवालदार बेट्स यांनी राजाच्या खोलीतली राख चाळायला घेतली. बेट्स आधी कुरकुरला, मग लार्टरचा चेहरा बघून गप्प बसला. पडद्यांच्या पितळी कड्या मिळाल्या. पलंगाचे खिळे मिळाले. वाकलेली शेगडी आणि मेबलचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान मिळालं. दुपारपर्यंत चाळणी फिरत राहिली.

"अजून काय शोधायचंय, साहेब?" बेट्सनं विचारलं.

"चांदी."

"ती नाहीये."

"तेच तर."

लार्टर दाराच्या फुटक्या फळ्यांवर बसला. चिडला की त्याचा आवाज खाली यायचा. "प्रार्थनाघर आणि काचघर दोन्ही बघून ये. शेगडी कुठली कमी आहे ते सांग. आणि तिघांनाही दिवाणखान्यात बोलाव."

तिघं आले. लॉर्डसाहेब घड्याळ बघत, पॅलग्रेव्ह दाराशी उभा, लेडी रोझमंड आपल्या नेहमीच्या खुर्चीत. बेट्स परतला आणि लार्टरच्या कानाशी लागून काहीतरी बोलला. लार्टरनं मान हलवली.

"माझे वडील शिंपी होते," लार्टर म्हणाला. "फौजी अधिकाऱ्यांचे कपडे शिवायचे. गणवेश जुना झाला की त्यावरची जरतार लोखंडी तव्यात जाळायचे. रेशीम जळून जायचं, चांदी खाली राहायची. काळी पडेल, वितळून गोळा होईल, पण चांदी जाते कुठे? वरच्या खोलीत पलंगभर चांदीची जरतार होती म्हणतात. राखेत तिचा कणही नाही."

"म्हणजे?" लॉर्डसाहेबांनी घड्याळ खिशात टाकलं.

"म्हणजे तुमचे पडदे काल जळलेच नाहीत. जळली ती नक्कल." त्यानं मखमलीच्या तुकड्यातला एक रुपेरी धागा उपसला आणि काडी ओढून तिच्यावर धरला. धागा आक्रसला आणि काजळी होऊन गळून पडला. "ही जरतार नाही, रंगवलेलं सूत आहे. खरे पडदे मेबल आजारी असताना उतरले आणि विकले गेले. दोरीपलीकडून बघणाऱ्यांना काय कळणार? लॉर्डसाहेब तर तिकडे फिरकतही नाहीत. पण दहा वर्षं त्यावर टाके घातलेली बाई परत आली, आणि तिला कळलं. त्यातून शनिवारी जाणकार यायचे होते."

लार्टरनं विझलेली काडी खाली टाकली.

"मला आधी तुमचा संशय होता, लॉर्डसाहेब. पलंग गेला की घर पाडायला तुम्ही मोकळे. पण मग हा तुकडा दाखवायची गरज तुम्हाला नव्हती. पडदे जळाले याची साक्ष हवी होती ती दुसऱ्या कुणाला." तो वळला. "बाईसाहेब, हा टरकून हातात आला म्हणालात. याच्या दोन कडा बघा. कात्रीनं सरळ कापलेल्या आहेत. किल्लीनं दार उघडलं आणि नुसतं ओढून घेतलं म्हणालात. मग आगवाल्यांना ते कुलपात कसं सापडलं? तुम्ही ते दार उघडलंच नाही. तुम्ही लहान दारानं आत गेलात, हातात तुमच्या काचघरातली शेगडी घेऊन. ती आता तिथे नाही, बेट्स बघून आलाय. मेबल तुम्हालाच सांगायला थांबली होती, कारण पलंगावर जीव तुमचा होता. शेगडी पडद्याखाली लवंडताना तुमचा हात भाजला, तुम्ही बाहेर आलात, कडी घातली, आणि नंतर ती उघडून ठेवली. रंग मात्र परत बसवता आला नाही."

लेडी रोझमंड यांनी रुमालाची घडी घातली.

"छप्पर कोसळत होतं," त्या म्हणाल्या. आवाजात कंप नव्हता. "याला पब आणि घोडे पुरेत, माझ्या भावाला. कुणीतरी हे घर वाचवायला हवं होतं. पडदे विकून मी छप्पर केलं. एवढं मेबलला समजावलं. ती म्हणाली, 'पण ते खोटे आहेत, बाईसाहेब, मी खोटं कसं दाखवू लोकांना?' असा हट्ट."

"तिनं हाका मारल्या?"

"मारल्या. बाईसाहेब, बाईसाहेब म्हणत होती, शेवटपर्यंत. फार अदबशीर बाई होती."

पॅलग्रेव्हच्या तोंडून घुसमटलेला आवाज निघाला. तो भिंतीला धरून खाली बसला. लॉर्डसाहेब काही बोलायला गेले, लार्टरनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते थांबले.

"माणूस दाराआड जळत होतं," लार्टर म्हणाला, "आणि तुम्ही बोळात उभं राहून ऐकत होता. छपरासाठी. उठा."

"माझा कोट—"

"उठा."

संध्याकाळी तो डोरीनकडे गेला. यावेळी दोघंही बसले. त्यानं सगळं सांगितलं, काहीही न लपवता, कारण लपवलेलं तिला चाललं नसतं. ती मान खाली घालून ऐकत होती.

"बाईसाहेबच म्हणत राहिली?" तिनं शेवटी विचारलं. "नावानं नाही? शिवी नाही?"

"नाही."

 

"हे कोर्टात सांगाल तुम्ही?"

"सांगेन."

"गाव तिथे मागे बसलेलं असेल, बेकरीतले सुद्धा." ती उठून उभी राहिली. "मोठ्यानं सांगा."