तेरा आकडे आणि एक तिरपी रेघ

"पेटी क्रमांक सतरा. आज ऊन असं पडलंय, की बिडाच्या लोखंडालासुद्धा घाम फुटावा..."

कट वड्याचा घास शांभवीच्या तोंडातच राहिला.

शालूबाईंच्या टपरीवर, पलीकडच्या बाकावर, एक अनोळखी तरुण मित्राला हे वाक्य म्हणून दाखवत होता. आणि ते वाक्य तिचं होतं. गेल्या महिन्यात तिनं ते संगणकावर लिहिलं होतं आणि पाठवलं होतं थेट जर्मनीला. आता ते गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, तिखट कटात बुडवून खाल्लं जात होतं!

"ओ पावणं," ती उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हे कुठं वाचलंत?"

त्यानं वर पाहिलं. कपाळावर काजळीचं एक बोट उमटलेलं... आणि डोळे असे, की जणू तो तिचीच वाट बघत बसला होता.

"का? तुमचं हाय व्हय?"

"मी विचारलंय आधी."

"पेटी क्रमांक एकोणीस," तो हळूच म्हणाला. "'उत्तर द्या की राव. का भिंतीशीच बोलत बसू मी?' — हेबी तुमचंच?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मी त्या भिंतीपलीकडचा," तो म्हणाला. "विश्वजित. गणपतरावांचा भाचा."

*

पाठवणारा : ?

भिंत चार वर्षांपूर्वीची. त्याआधी अठरा वर्षं शांभवीचे वडील चन्नाप्पा मगदूम आणि गणपतराव यांची फौंड्री एकच होती. एक भट्टी, एक डबा. मग बिनसलं. मधोमध भिंत आली आणि बोलणं बंद झालं. जर्मनीतल्या पंपवाल्या गिऱ्हाइकानं मात्र दोघांनाही ठेवलं — पंपाचं धड गणपतरावांकडून, झाकण चन्नाप्पांकडून.

त्या गिऱ्हाइकानं यंदा एक नवा नियम काढला. गाडी निघण्याआधी मालाची सूचना संगणकावरून यायला हवी, आणि त्या सूचनेवर पाठवणाऱ्याचा तेरा आकडी नंबर हवा. जगात एका कंपनीचा एकच नंबर. तिकडचा संगणक नाव वाचत नाही, तोंड ओळखत नाही. नंबर बघतो आणि त्या नंबरावर पोच धाडतो.

शांभवी तीन महिन्यांपूर्वी कारखान्यात बसायला लागली. तिनं सूचना पाठवल्या. पोच एकीचीही आली नाही. कुणी वाचतच नाही म्हटल्यावर तिनं शेऱ्याच्या चौकटीत मनाला येईल ते लिहायला सुरुवात केली. ऊन. मळीचा वास. वाळूत सापडलेला बेडूक.

आणि परवा गिऱ्हाइकाचं पत्र आलं : तुमच्या तीन गाड्या सूचनेविना आल्या. येत्या बुधवारची चौथीही तशीच आली, तर यादीतून तुमचं नाव कमी.

दुसरं एवढं मोठं गिऱ्हाईक चन्नाप्पांकडं नव्हतं. भट्टी विझली असती.

*

नाकारले. नाकारले. नाकारले.

विश्वजितनं कागदांची चळत बाकावर ठेवली. प्रत्येकावर तोच शिक्का, आणि खाली जशीच्या तशी परत आलेली तिची सूचना, शेऱ्यासकट.

"पण ही तुमच्याकडं कशी?"

"नंबर बघा. एकत्र होतो तवाचा जुना. आता आमच्या नावावर हाय."

तिनं मोबाईलवर आपली सूचना उघडली. आकडे तेच, तेरा. फक्त शेवटी — एक तिरपी रेघ आणि पुढं दोन.

"हे शेपूट कुणी लावलं?"

तिनं तिथूनच वडिलांना, अप्पांना, फोन लावला.

"मीच लावलं," अप्पांचा आवाज टपरीभर घुमला. "वाटणी झाली की गट नंबराला पोटहिस्सा पडतोय. सातबाऱ्यावर कसं असतंय? बारा भागिले एक, बारा भागिले दोन. गणपतरावाचा एक, माझा दोन. सरळ हाय की!"

विश्वजितनं वड्याचा कागद तोंडापुढं धरला. त्याचे खांदे हलत होते.

जर्मनीतल्या संगणकाला सातबारा ठाऊक नव्हता. तेरा आकड्यांपुढचं तो छाटून टाकायचा. उरायचे गणपतराव. गणपतरावांच्या नावावर झाकणांची मागणीच नाही, म्हणून 'नाकारले'. आणि तो नकार इमानदारीत गणपतरावांच्या पत्त्यावर.

शांभवीलाही हसू फुटणार होतं... पण तिला काहीतरी आठवलं.

"कधीपासून वाचताय?"

"दोन महिने. आधी वाटलं, कुणीतरी चाचणी घेतंय. मग झाकणं वाचली, तवा कळलं."

"कधी कळलं?"

त्यानं कागदांची चळत सारखी केली.

"कधी?"

"आठ दिवस झाले." त्यानं मान खाली घातली. "सांगितलं असतं, तर... यायचं थांबलं असतं."

"तुमच्या करमणुकीपायी आमची भट्टी विझली असती!"

शालूबाईंचा झारा कढईवर थांबला.

"व्हय," तो म्हणाला. सबब नाही, काही नाही. "चुकलं माझं. पण बुधवारला अजून सहा दिवस हाईत. नवा नंबर काढूया. तुमचा. कुणाचा भागिले न्हाय."

*

अर्ज

कंपनीचे नाव — "थांब," अप्पा म्हणाले. "जुना नंबर सोडला, तर लोक म्हणतील भट्टी गणपतरावाची झाली."

पत्ता — "अप्पा, जमिनीचा तुकडा पडतोय. ह्या नंबराचा न्हाय पडत. आधार कार्ड कधी दोघा भावांनी वाटून घेतलंय?"

व्यवसाय — अप्पांनी भिंतीकडं बोट केलं. "अठरा वर्षांत त्यो नंबर आमी दोघांनी नावारूपाला आणला, पोरी."

"म्हाईत हाय. पण तिकडं तुमी दिसतच न्हाईसा. माल तुमचा, आणि नाव लागतंय त्यांचं."

हे लागलं. अप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

प्रमुख व्यक्ती — 

"काय लिहू?"

"लिही की. शांभवी चन्नाप्पा मगदूम."

तिची बोटं तशीच कळांवर थांबली.

"बघतीस काय? ल्ही!"

*

तपासणी

सोमवारी नंबर आला. तेरा आकडे, रेघ नाही. विश्वजितही टपरीवर एक कागद घेऊन आला होता : धडं आमची, झाकणं मगदुमांची, असं गणपतरावांच्या सहीचं गिऱ्हाइकाला पत्र.

"मामांनी सही केली?"

"दोन तास शिव्या घातल्या. मग म्हटले, चन्नाप्पाचं झाकण असल्याबिगर माझं धड कोण घेणार?"

ती हसायचं नाही असं ठरवून आली होती. जमलं नाही.

"आता ह्यातला तेरावा आकडा बरोबर हाय का बघू," त्यानं पेन्सिल काढली. "आधीच्या बारांवरनं तो काढता येतोय. एक सोडून एकाला तीननं गुणायचं, सगळ्यांची बेरीज, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढं कमी पडतंय, त्यो तेरावा."

"आणि चुकला तर?"

"तर संगणक पहिल्या नजरेतच नाकारतोय."

"शहाणा हाय की." तिनं पेन्सिल त्याच्या हातातून घेतली. बोटाला बोट लागलं... दोघांपैकी कुणीच ते लगेच काढलं नाही. "मला आठ दिवस लागले असते."

"कशाला?"

"नाकारायला."

"मग? नाकारलं?"

"बेरीज करू द्या की निवांत!"

बेरीज तिची दोनदा चुकली. तिसऱ्यांदा तेरावा आकडा बरोबर जुळला.

*

बुधवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे

गाडी भरून फाटकात उभी. शांभवीनं सूचना पाठवली.

एक मिनिट.

भट्टीतून बीड ओतलं जात होतं. जळक्या वाळूचा वास खिडकीतून आत येत होता. अप्पा खुर्चीमागं उभे, खुर्चीची पाठ घट्ट धरून.

दोन मिनिटं.

तीन...

स्वीकारले.

"आली! अप्पा, पोच आली!"

ती धावत अंगणात आली. साच्यांवरची माणसं शिट्ट्या मारायला लागली. अप्पांनी जोतिबाचा गुलाल गाडीच्या तोंडावर उधळला, ड्रायव्हरवर उधळला, स्वतःच्या टोपीवर उधळला, उरलेला शांभवीच्या ओंजळीत ओतला. गाडीनं भोंगा वाजवला आणि ती महामार्गाच्या दिशेनं वळली.

फाटकाबाहेर विश्वजित उभा होता. आत पाऊल टाकायचं का नाही, ते न ठरलेला.

"आली?"

"आली! माझ्या नावावर!"

तो हसला. मग हसू जरा उतरलं. "म्हंजे आता तुमचं काय वाचायला मिळायचं न्हाय."

शांभवीनं दोन्ही हातांत उरलेला गुलाल त्याच्या गालांना फासला. सगळ्यांदेखत.

"वाचायचं कशाला? मी हितं उभी हाय की. बोला काय बोलायचंय ते."

तो काहीतरी पुटपुटला.

"काय?"

"तुमी... आवडता मला."

"भट्टीचा आवाज लय हाय. मोठ्यानं!"

आणि विश्वजित ओरडला. असा ओरडला, की साच्यावरचे हात थांबले. भिंतीपलीकडून गणपतराव 'काय झालं रे' करत बाहेर आले, अलीकडून अप्पा आले, आणि दोघे चार वर्षांत पहिल्यांदा एकाच फाटकात येऊन उभे राहिले.

"ऐकलंस का चन्नाप्पा?" गणपतराव म्हणाले.

"कागलपर्यंत ऐकलं असंल," अप्पा म्हणाले.

"मलाबी ऐकू आलं," शांभवी म्हणाली, आणि गुलालानं माखलेल्या हातानं त्याचा हात धरून त्याला आत घेऊन आली. "मीबी तेच म्हणतीय!"