अर्धा तास उन्हात

पडले मी, आणि "आई गं!" म्हणून ओरडला मात्र तो.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाची अगदी शेवटची पायरी होती ती. जेमतेम चार बोटं उंच. जानेवारी एकोणनव्वदमधली धुक्याची सकाळ, दगड ओला... पाय सरकला आणि मी उजव्या हातावर आपटले. कट् असा बारीकसा आवाज झाला. दुखायला लागायच्या आधी मी मान वळवून बघितलं. चंदीगडमध्ये, पगड्या आणि शालींच्या या गर्दीत, 'आई गं' आलं कुठून?

एक उंचसा, चष्मा घातलेला तरुण माझ्यापुढे गुडघे टेकून बसला होता. त्याच्या हातातली जाडजूड जर्नलं चारी दिशांना पडली होती.

"तुम्ही... मराठी?" मी विचारलं.

"आधी हात बघू. मराठी नंतर बघू."

तो श्रीराम मगदूम, मिरजेचा. रस्त्यापलीकडच्या वैद्यकीय संस्थेत बायोकेमिस्ट्रीत संशोधन करायचा. मी विनया. ग्रंथालयात नव्या पुस्तकांची नोंद करायचं काम माझं. बाबा एअर फोर्समध्ये, म्हणून तीन वर्षांपासून आम्ही इथे. एवढी ओळख सायकलरिक्षात बसेपर्यंत झाली. मी एकटीच बसले. शेजारच्या जागेवर त्याची जर्नलं होती, आणि तो रिक्षाच्या बाजूने धावत येत होता.

त्याच संस्थेच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "कोई दवाई चलती है?"

मी शेजारी उभ्या मगदूमांकडे बघितलं. बाराव्या वर्षी पहिल्यांदा फिट आली, तेव्हापासून आईने एकच गोष्ट शिकवली होती – घराबाहेर बोलायचं नाही. माझ्या फिटच्या गोळ्या आमच्याकडे टॉनिकच्या बाटलीत राहायच्या. गेल्या सात वर्षांत एकदाही फिट आली नव्हती, तरी बाटली तीच.

"तुम्ही जरा बाहेर थांबता?" मी मगदूमांना म्हटलं.

तो लगेच गेला. मग मी हळूच डॉक्टरांना सांगितलं. तेरा वर्षं, रोज, दोन प्रकारच्या गोळ्या. त्यांनी एक्स-रे पुन्हा उजेडात धरला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

प्लास्टर झालं. पंधरा दिवसांनी रक्त तपासायला बोलावलं. मी दार ढकलून आत गेले, तर पांढरा कोट घालून, हातात माझी फाइल घेऊन समोर उभा कोण? मगदूम! त्याने पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी.

"अच्छा!" तो म्हणाला. "म्हणून त्या दिवशी मला बाहेर काढलंत होय? मला वाटलं, मी फार बडबड करतो म्हणून."

"ते पण होतंच."

तो हसला. मीही हसले. तेरा वर्षांत पहिल्यांदाच, डॉक्टर सोडून, बाहेरच्या कुणाला तरी ते कळलं होतं, आणि त्याचा चेहरा बदलला नव्हता.

"तुम्ही आमचा नमुना क्रमांक एकेचाळीस."

"नमुना?"

"रक्ताचा हो!... तुम्हालाही म्हणता येईल म्हणा."

सुई टोचली ते मला कळलंसुद्धा नाही. मग त्याने समजावून सांगितलं. अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की लिव्हर फार कामसू होतं. ऊन लागून शरीरात जे जीवनसत्त्व तयार होतं, ते भराभरा संपवून टाकतं. ते नसलं की कॅल्शियम पोटात जाऊनही हाडापर्यंत पोचत नाही. हाडं आतल्या आत मऊ, ठिसूळ होत जातात आणि एक दिवस चार बोटांची पायरी पुरते. त्यांच्याकडे अशी पुष्कळ माणसं तपासायला येत होती.

"म्हणजे मी म्हातारी झाले?"

"छे हो. औषध देतील, भरून येईल. आणि रोज अर्धा तास उन्हात बसायचं. चालायचं. बसाल ना?"

"ग्रंथालयात कुठलं आलंय ऊन?"

"बाहेर हिरवळ आहे. मी दाखवतो."

दाखवायला तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला. चौथ्या दिवशी मी विचारलं, "मगदूम, हिरवळ सापडली आहे मला. आता रोज कशाला येता?"

"रुग्ण औषध घेतोय की नाही, ते बघायला नको?"

चंदीगडच्या थंडीतलं ऊन म्हणजे काय, ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. अकरापर्यंत धुकं, सगळं शहर राखाडी. मग एकदम कुणीतरी पडदा ओढावा तसं लख्ख होतं आणि क्लार्क, प्रोफेसर, चपराशी सगळे खुर्च्या घेऊन बाहेर येतात. मगदूम कागदाच्या पुडीत गरम मूंगफली आणि रेवड्या आणायचा. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये. तो एकेक शेंग फोडून, साल फुंकून, दाणे माझ्या डाव्या तळव्यावर ठेवायचा. बोटांचा स्पर्श व्हायचा न व्हायचा... आणि आम्ही दोघंही एकदम समोरच्या झाडाकडे बघायचो.

"एक विचारू?" मी एकदा म्हटलं. "पडले मी, तर आधी तुम्ही कसे ओरडलात?"

त्याने शेंग फोडायची थांबवली. कान लाल झाले. "मी... आधीपासून बघत होतो."

"पायरीकडे?"

"नाही."

त्या दिवशी मी नोंदवलेल्या सात पुस्तकांवर चुकीचे क्रमांक पडले.

आठवड्याभराने तो म्हणाला, "आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख पद्मजा मॅडमना सांगून टाकलं. एकेचाळीस नंबर यापुढे त्याच तपासतील. रिपोर्टही मी बघणार नाही."

"का? मी काय केलं?"

"तुम्ही नाही. मॅडम म्हणतात, संशोधकाने नमुन्याकडे तटस्थपणे बघावं लागतं." त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मला ते जमेना."

तेव्हा दिवस बरे नव्हते. पंजाबात कुठे ना कुठे रोज काहीतरी घडत असायचं. बाबा सकाळचा पेपर आधी स्वतः वाचायचे आणि आईच्या हाती लागणार नाही असा घडी घालून ठेवायचे. पाचच्या आत घरात, हा नियम. चौकाचौकांत वाळूची पोती आणि बंदुका. आणि त्या सगळ्यात मी मात्र अकरा वाजायची वाट बघत दिवस काढत होते. सुखात होते, खरं सांगायचं तर!

अशातच पुण्याहून एक स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, मंडळी मार्चमध्ये येणार. आई म्हणाली, "गोळ्यांचं एक अक्षर बोलायचं नाही. सात वर्षं काही झालेलं नाही ना? मग ते संपलंच."

मला स्थळ नको होतं. पण 'ते संपलंच' हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. संपलं असेल, तर हाडं खाणाऱ्या गोळ्या घ्यायच्याच कशाला? गोळी नाही, म्हणजे दुखणं नाही, लपवणं नाही. मगदूमच्या शेजारी मी इतर मुलींसारखी एक मुलगी. मी कुणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. त्यालाही सांगितलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी प्लास्टर निघालं. मोकळ्या हाताचा आनंद म्हणून आम्ही दुपारी रोझ गार्डनमध्ये गेलो. गुलाबांचा बहर, लहान मुलांची पळापळ, बँडचा आवाज. मी एका पिवळ्या गुलाबाच्या पाटीवरचं नाव वाचत होते...

त्यानंतर आठवतं ते आकाश. मी कुशीवर होते, डोक्याखाली त्याचा मफलर. भोवती माणसं जमली होती. एक म्हातारे सरदारजी काळजीने आपला जोडा माझ्या नाकाशी आणत होते – "सुंघाओ पुत्तर, सुंघाओ!" आणि मगदूम एका हाताने मला धरून त्यांना सांगत होता, "बाबाजी, जूता पहन लो. आपको ठंड लग जाएगी."

गर्दी पांगली. त्याने माझा खांदा, मनगट, कोपर हळूहळू दाबून बघितलं. काही मोडलं नव्हतं. मग विचारलं, "गोळी घेतली होती?"

"बारा दिवस नाही."

तो मटकन गवतात बसला. "चूक माझी आहे," म्हणाला. "हाडांचं सगळं सांगितलं. पण गोळी डॉक्टरांना न विचारता कधीही थांबवायची नाही, हे आधी सांगायला हवं होतं. अगदी पहिलं वाक्य हे." आणि तो रडायला लागला. मला फिट आली होती, आणि रडत होता तो! मी त्याच्या बाहीला धरून कितीतरी वेळ बसून राहिले.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टर मला रागावले, मग आईलाही नीट बसवून समजावलं.

पण त्या दिवसानंतर मी हिरवळीवर जायचं टाळलं. त्याने मला तशी, जमिनीवर पडलेली, बघितलं होतं. आता तो येईल तो कीव म्हणून येईल, असं वाटायचं.

पुण्याची मंडळी आली. मुलगा खरंच चांगला होता. त्याने विचारलं, "आवडीनिवडी काय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला फिट येते. तेरा वर्षं गोळ्या घेते, त्यांनी हाडं कमजोर झाली होती. आता उपचार चालू आहेत. आणि वाचायला आवडतं."

मुलाच्या आईने चंदीगडच्या फुलकोबीचं कौतुक केलं आणि मंडळी उठली.

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझे केस विंचरता विंचरता म्हणाली, "मी तुला लपवत नव्हते गं... जपत होते." मी वळून तिच्या गळ्यात पडले.

रविवारी भर दुपारी मगदूम घरी आला. आई गच्चीवर पापड वाळत घालत होती, बाबा खुर्चीत बसले होते. तो नमस्कार करून सरळ पापड उलटायला बसला.

"काकू," तो म्हणाला, "मला विनयाशी लग्न करायचंय."

आईच्या हातातला पापड तिथेच राहिला. "तुम्हाला सगळं माहीत आहे?"

"बघितलंय."

"लग्नाच्या कायद्यातसुद्धा फिटचं लिहिलेलं आहे म्हणे. उद्या कुणी म्हटलं, आम्हाला ठाऊक नव्हतं, तर लग्न मोडता येतं."

"मला तर आधीच ठाऊक आहे. माझ्याकडे सबबच उरली नाही."

बाबा पेपराआड हसले. ते मला दिसलं.

"तिची हाडं..." आईने विचारलं. "रिपोर्टमध्ये काय आलं?"

"पद्मजा मॅडमकडे आहे. मी बघितलेला नाही."

"मग?"

"मग जशी असतील तशी."

आई, बाबा, तो – तिघंही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या घशाशी हो आलं होतं. पण मी म्हटलं, "मला विचार करायचाय." त्याने मान डोलावली, उरलेले चार पापड उलटले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी सुटीचा अर्ज टाकला आणि स्वतःच त्याच्या प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभी राहिले. तो स्कूटर घेऊन निघाला. तळ्याकडे जाऊ म्हणाला, पण स्कूटर काही सुरू केली नाही, हाताने ढकलतच चालू लागला. अतिरेक्यांच्या भीतीने शहरात डबल सवारीवर, एका स्कूटरवर दोघांनी बसण्यावर, बंदी होती, हे मलाही माहीत होतं. मी बाजूने चालत राहिले. रस्त्याकडेच्या कांचनाला गुलाबी फुलं आली होती.

"एक खरं सांगाल?" मी म्हटलं. "त्या दिवशीचं वाईट वाटतं म्हणून तर नाही ना हे?"

"वाईट वाटतं. खूप. त्याची माफी मागितली, अजूनही मागेन." त्याने स्कूटर थांबवली. "पण ती माफी आहे आणि हे मागणं आहे. मी दोन्ही एकात कालवत नाही, विनया. तुम्ही नाही म्हणालात तरी माफी राहीलच. आणि मागणं... तेही राहील बहुतेक."

मी काही बोलणार, तोच पुढच्या चौकातल्या नाक्यावरून शिट्टी झाली. पोत्यांमागून एक जवान बाहेर आला. त्याने स्कूटरचे कागद बघितले, डिकी उघडायला लावली. मग एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून विचारलं, "ये आपकी कौन लगती हैं?"

"जी, ये..." मगदूम अडखळला. "ये... मतलब, हम... युनिव्हर्सिटी में..."

जवानाच्या भुवया वर चढल्या.

"मंगेतर हूँ इनकी," मी म्हणाले.

मगदूमच्या हातून स्कूटर कलली. मी आणि जवान, दोघांनी मिळून ती सावरली.

"पक्का?" जवानाने मलाच विचारलं.

"पक्का."

"तो बीबीजी को पैदल क्यों चला रहे हो यार?"

"डबल सवारी बंद है ना," मी म्हटलं.

"लेडीज को छूट है जी! शुरू से है. इनको पता नहीं?"

मी मगदूमकडे बघितलं. तो अगदी मन लावून आरसा पुसत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," तो म्हणाला.

"मग ढकलत का आणलीत?"

"लवकर पोचलो असतो."

जवानाला मराठी कळलं नसावं, पण तो मोठ्याने हसला आणि त्याने रस्त्यावरचा आडवा बांबू वर उचलला. मगदूमने किक मारली. मागे वळून, पहिल्यांदाच एकेरीत, हळूच म्हणाला, "बस."

मी बसले, आणि बरा झालेला उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.