डोक्याशी ठेवलेलं स्टूल

सकाळी सिस्टरांनी नेहमीसारखी ऑपरेशनची खोली लावायला घेतली. त्यांचा एक नेम होता. टेबलावरचं मूल शुद्धीवर येऊन बोलेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही. वीस वर्षांत तो मोडला नव्हता.

आजची मुलगी सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. गाठ डाव्या कानाखाली, पार घशामागे खोल.

"हस बघू एकदा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"दात आल्यावर हसेन." तिनं तोंडावर हात धरला.

डॉक्टरबाईंनी तिच्या आईला आदल्या दिवशीच समजावलं होतं. "तोंडातून गेलं तर वाट जवळची, पण रक्तवाहिन्या नीट दिसत नाहीत. जबडा कापला तर वाट रुंद, पण हाड अजून वाढतंय. म्हणून कानाखालून, मानेच्या घडीतून जाऊ. फक्त वाटेत चेहऱ्याची नस आडवी येते. ती दुखावली, तर हसताना डावी बाजू हलणार नाही."

त्यासाठीच ते जुनं मशीन. गालात टोचलेल्या बारीक सुयांच्या वायरी त्याला जोडायच्या. हत्यार नसेला भिडलं की ते 'टुक' वाजतं. जोडायचं काम सिस्टरांचं.

मुलीला भूल चढली. भूल देणारे डॉक्टर पायाशी सरकले, डोक्याशी त्यांचं स्टूल रिकामं राहिलं. स्पिरिटचा वास, गार हवा, श्वासाच्या यंत्राचे संथ सुस्कारे... टुक. डॉक्टरबाईंचा हात थांबला, वळला. थोड्या वेळानं पुन्हा, टुक.

"आज मशीन भलतंच शहाणं झालंय," त्या पुटपुटल्या. "हत्यार लागायच्या आधीच सांगतंय."

दुपारी गाठ अख्खी निघाली. टाके पडले. हिरव्या चादरी उचलताना सिस्टरांच्या हाताला वायरींची गुंडाळी लागली. टोकाची पिन टोपणासकट तशीच. जोडलीच नव्हती!

त्या मटकन स्टूलवर बसल्या आणि तशाच उठल्या. पाच तास रिकामं असलेलं ते स्टूल... उबदार होतं.

"बाई, माझ्या हातून चूक झाली..." त्यांनी वायर पुढे धरली.

डॉक्टरबाईंनी पिनेवरचं टोपण बोटानं चाचपून पाहिलं. "सुटी वायर कधीकधी उगाच वाजते, सिस्टर."

"उगाच? दर वेळी नेमकं नसेपाशीच?"

"आधी... ती हसू दे."

संध्याकाळच्या उन्हात मुलीनं डोळे उघडले. "हस ना गं," म्हटल्यावर तिनं ओठ घट्ट मिटले. सिस्टरांचा जीव टांगणीला लागला. मग आई तिच्या कानाशी वाकली.

"बाबा बघ, घाईघाईत शर्ट उलटा घालून आलेत. दिवसभर तसेच हिंडतायत!"

मुलीला हसू आवरेना. ओठांचे दोन्ही कोपरे सारखे वर गेले, दातांमधली खिंड दिसली. सिस्टरांनी मनोमन हात जोडले.

"त्या मावशी गेल्या?" मुलीनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

मूल बोललं होतं. सिस्टरांनी पाण्याचा पेला उचलला. "कुठल्या मावशी, बाळा?"

"डोक्याशी बसलेल्या. माझ्या गालावर बोट ठेवून सांगत होत्या... इथं नको, इथं नको..."

पेला ओठांशीच थांबला.

आठवड्यानं दुसरं मूल टेबलावर आलं. सिस्टरांनी पिन जोडली, दोनदा तपासली. मशीनचं बटण अजून दाबलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी सुरीही हातात घेतली नव्हती.

टुक.

दोघींची नजरानजर झाली. सिस्टरांनी डोक्याशी असलेलं स्टूल स्वच्छ पुसलं, जरा पुढे सरकवलं आणि बाजूला झाल्या.

स्टूल हलकेच करकरलं.