येरमटोल्याची सवारी

शेकोटीत ते लाकूड जरा आत सरकव, आणि मोबाईल पालथे ठेवा सगळ्यांनी. डोळ्यांवर उजेड आला की ऐकणाऱ्याचंही लक्ष लागत नाही आणि सांगणाऱ्याचंही.

ही प्रफुलची गोष्ट. प्रफुल आपल्या ओळखीतला माणूस, ब्रह्मपुरीला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात अजूनही कामाला आहे. पटत नसेल त्यानं जाऊन विचारावं. फक्त दिवसा विचारा. रात्री तो या विषयावर बोलत नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, होती. रात्रीला नाटक. अख्खं गाव नाटकाला जाणार, घरी राहणार ती म्हातारी कुत्री तेवढी. अशा दिवशी संध्याकाळी प्रफुल ब्रह्मपुरीहून परत निघाला तो खिशात तांब्याचे वॉशर आणि मांडीवर नवा डिझेल फिल्टर घेऊन. वैनगंगेवरच्या पुलावर गार वारा लागला. धान कापून झालं होतं, शेतातल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. आज पिकअप चालू करायची, एवढंच त्याच्या डोक्यात.

पिकअप त्याच्या वडिलांची, दादाजीची. दादाजी वारल्याला वर्ष झालं होतं. त्याच्याही आधी किती तरी वर्षांपासून ती टिनाखाली उभी. हौद्यात कोंबड्या अंडी घालायच्या. प्रफुलची बायको दिव्यानी, भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेली, तिनंच एकदा म्हटलं होतं, "बाबांची गाडी अशी सडू नका देऊ. रविवारी घरीच तर असता." त्यावर नाही म्हणायला प्रफुलकडे कारण नव्हतं. म्हणजे कारण होतं, पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

मग रविवारमागून रविवार गेले. सडलेला पत्रा कापून नवा लावला. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरली, घासली, रंग मारला. कमानपाट्या उतरवून ब्रह्मपुरीला नेल्या. इंजिन खोललं, धुतलं, बसवलं. येणारा-जाणारा थांबायचा. कोणी म्हणायचं, "बापाची निशानी जपून राह्यला पोरगा." कोणी आपल्या पोराला आणून दाखवायचं, "पाह्य, असं लेकरू पाह्यजे." हे ऐकलं की प्रफुल गाडीच्या खाली सरकायचा. काम नसलं तरी. खाली अंधार असायचा, तोंड कुणाला दिसायचं नाही.

त्या संध्याकाळीही तसंच झालं. नाटकाला निघालेली माणसं फाटकाशी थांबली, रंग पाहून गेली. दिव्यानी पोरीला स्वेटर घालून निघाली. "तुम्ही येता ना मागून?"

"चालू झाली का येतो."

माणसं गेली. दूर लाऊडस्पीकरवर पेटीचे सूर लागले. प्रफुलनं ट्रबल लॅम्प बोनेटला अडकवला आणि टाकीपासून येणारी डिझेलची नळी हातात घेतली.

ही नळी त्याला माहीत होती.

दादाजी या पिकअपनं धान वाहायचा, मोह वाहायचा, वऱ्हाड वाहायचा. आणि मयत वाहायचा. डांबरी रस्ता यांच्या गावाशी संपायचा. पुढं येरमटोल्याच्या वस्तीपर्यंत जंगलातली वाट. दवाखान्यात कोणी वारलं की शहरातली गाडी इथपर्यंत आणून सोडायची. पुढं कोण नेणार? दादाजी नेणार. कितीही वाजता हाक मारा, हा माणूस टॉवेल खांद्यावर टाकून उठायचा. दारूचा थेंब शिवलेला नाही, कुणाला नाही म्हटलेलं नाही. आजूबाजूची पोरं मात्र प्रफुलला चिडवायची. मुडद्याची गाडी, म्हणायची.

प्रफुलचं लग्न जमत होतं तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी भद्रावतीहून पाहुणे यायचे होते. संध्याकाळी गावात कुणी तरी सांगत आलं, येरमटोल्याचा बिरजू तापानं गेला, रात्री आणून राह्यले. प्रफुलच्या डोळ्यांसमोर सकाळ आली. दारात ती गाडी, हौद्यात फुलं, उदबत्तीचा वास, आणि पाहुणे चपला काढताहेत. त्यानं टाकीजवळची नळी खोलली, जुन्या बनियनची चिंधी आत दाबून बसवली आणि नळी पुन्हा कसली.

रात्री ती माणसं आली. दादाजीनं सेल्फ मारला. इंजिन फिरत राहिलं, पेट घेईना. फिल्टर पाहिला, हातानं पंप मारला. डिझेल येईना. बॅटरी बसली. प्रफुल आत पांघरूण डोक्यावरून घेऊन सगळं ऐकत होता. शेवटी दादाजीचा आवाज आला, "माफ करा बावा... नाई होऊन राह्यली." मग कुणाच्या तरी घरची खाट मागून आणली. चौघांनी ती उचलली आणि ते चालत निघाले.

पाहुणे आले, चहा प्याले, लग्न ठरलं. दादाजीनं त्यानंतर गाडीला हात लावला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, डोळ्याले दिसत नाई आता. प्रफुलला वाटायचं, बापाला कळलेलं नाही. एवढ्या वर्षांनी, या कामात त्यानं ती नळी खोलली तेव्हा चिंधी काढायला आकडा घेऊनच बसला होता.

नळी मोकळी होती. आतून साफ केलेली.

तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

तर त्या रात्री त्यानं नळी बसवली. नवे वॉशर, नवा फिल्टर. पंप मारून हवा काढली. डिझेल स्वच्छ येत होतं. केबिनमध्ये बसून सेल्फ मारला.

इंजिन फिरलं. पेट घेतला नाही.

पुन्हा हवा काढली. पुन्हा सेल्फ. नाही.

तिसऱ्यांदा खाली उतरला तर नळीत डिझेलच नव्हतं. टाकी भरलेली, नळी मोकळी, आणि डिझेल येत नव्हतं.

"चालू नाई होऊन राह्यली का?"

फाटकाशी कोणी तरी उभं होतं. प्रफुलला वाटलं, नाटकाला जाणारा असेल.

"होईल," तो म्हणाला.

"दादाजीभाऊले हाक मार."

प्रफुलचा हात नळीवर थांबला. "बाबा वारले. वर्ष झालं."

लाऊडस्पीकरवर लोक हसले. मग...

"मंग तू चाल."

"कुठी?"

"येरमटोल्याले. मानूस न्यायचा आहे."

प्रफुलनं लॅम्प काढून फाटकाकडे धरला. मागं कोणी नव्हतं. खाट नव्हती, रडणारं माणूस नव्हतं. हा एकटाच. अंगाभोवती पांढरी चादर, दवाखान्याची असते तशी. चेहरा चादरीच्या आत.

"कुठी आहे मानूस?"

फाटक वाजलं नाही. पण आता तो आत होता. गाडीपाशी.

"चिंधी काढ ना, बाबू."

प्रफुल एक पाऊल मागं सरला. "काढली..." त्यानं नळीकडे बोट केलं. "नळीत नाई आता... बाबानं..."

"चिंधी काढ."

लॅम्प खाली गेला. उजेड त्या माणसाच्या पायांवर पडला.

पाय अनवाणी होते. दोन्ही अंगठे चिंधीनं एकमेकांना बांधलेले. मयताचे बांधतात तसे.

पळावंसं वाटलं. पण प्रफुल सांगतो, भीतीपेक्षा मोठं दुसरंच काही तरी होतं. एकदा पांघरुणात लपून झालं होतं. पुन्हा कुठं लपायचं?

तो खाली बसला. गाठ घट्ट होती. ते अंगठे... ओल्या दगडासारखे गार. गाठ सुटली. चिंधी कुठं पडली, त्याला कळलं नाही. वर पाहायची हिंमत झाली नाही.

मागं हौद्यात कोणी तरी चढलं.

प्रफुल केबिनमध्ये शिरला. सेल्फ मारला. एका फिरकीत इंजिन पेटलं.

गाव मागं पडलं. डांबर संपलं. लाऊडस्पीकर ऐकू येईनासा झाला. दोन्हीकडे सागाची झाडं, मधे चाकोरी. गाडीला आरसे अजून बसवलेले नव्हते. मागं काय आहे ते दिसत नव्हतं. बरं होतं.

केबिनच्या टपावर थाप पडली. एक.

प्रफुलनं ब्रेक मारला. गाडी नाल्याच्या पाण्यात थांबली. पाण्यावर दिव्यांचा उजेड हलत होता.

मागं शांत... खूप वेळ शांत.

मग मागून पाण्यात काही तरी पडल्याचा आवाज आला. जड.

प्रफुलनं मान वळवली नाही. स्टिअरिंग धरून बसला.

टपावर थाप. दोन. चाल.

नाला ओलांडला. चढ चढला. झाडं विरळ झाली. टोल्याच्या कडेला खळ्यावर शेकोटी दिसली. थाप पडली. एक.

प्रफुल उतरला. हौद्याजवळ गेला. मागचा फाळका लावलेलाच होता. आत कोणी नव्हतं. नवा रंग, कोरडा.

खळ्यावर एक बाई धानाची राखण करत बसली होती. उठून उभी राहिली. "दादाजीची गाडी ना? आवाजावरून वळखली मी."

ती रुखमा. बिरजूची बायको.

"मी प्रफुल. त्यायचा पोरगा."

"बस. इतक्या राती कोनाले घेऊन आला?"

तो शेकोटीशी बसला. हात काळे होते, डिझेलचे. रुखमानं ते हात पाहिले. मग स्वतःच बोलायला लागली.

"तुझा बाप मानूस चांगला होता रे. एक डाव चुकला. माझ्या मानसाच्या टायमाले." तिनं काडी आत सरकवली. "दुसऱ्या दिवशी आला होता माती द्यायले. पायी. सगळ्या लोकायसमोर हात जोडले. म्हने, मी पेलो होतो, माझ्याच्यानं गाडी नाई चालू झाली."

"पेलो होतो म्हने?"

"हव. लोक लय बोलले त्याले. जंगूनं, माझ्या देरानं, शर्ट धरला त्याचा. तवापासून इकडचं कोनी त्याच्या दारात नाई गेलं."

प्रफुलला कळलं. बापाला त्या रात्रीच चिंधी सापडली असणार, किंवा पहाटे. ती काढून, नळी साफ करून, तो पायी निघाला असणार. पाहुणे येण्याच्या आत परतही आला होता. जावयाचं घर कसं आहे ते पाहायला आलेल्या माणसांना त्यानं हसून चहा दिला होता. शर्टाची गुंडी तुटलेली होती, आणि प्रफुल त्यालाच म्हणाला होता, "पाहुन्यायसमोर धड शर्ट तरी घाला."

"बाई," तो म्हणाला, "बाबा पेले नव्हते."

"त्यानंच सांगतलं."

"पेले नव्हते. मी... नळीत चिंधी कोंबली होती मी. दुसऱ्या दिवशी पाहुने येनार होते. मुडद्याची गाडी दारात..."

पुढं त्याला बोलवलं नाही. तो शब्द त्यानं तिच्यासमोर उच्चारला होता. ज्याच्याबद्दल उच्चारला, त्याच्या बायकोसमोर.

"चार जनं होती खाटेले," रुखमा म्हणाली. "नाल्यात एकाचा पाय सटकला. खाट उलटली. अंधारात पान्यात धुंडला आमी त्याले. हातानं."

प्रफुलनं हात जोडले.

"माफ..."

"मले नको सांगू," रुखमा म्हणाली. "सकाळी गावाले सांग. बापाचं नाव गावात गेलं."

तो तिथंच बसून राहिला. उजाडल्यावर टोल्यातली माणसं जमली आणि त्यानं उभं राहून सगळं सांगितलं. नळी, चिंधी, पाहुणे. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर सोपं गेलं असतं. सगळे खाली पाहत होते. म्हातारा झालेला जंगू उठला, जवळ आला, आणि एवढंच म्हणाला, "मी थापड मारलो होतो त्याले." मग आपल्या उजव्या हाताकडे पाहत निघून गेला.

घरी येऊन प्रफुलनं दिव्यानीलाही सांगितलं. ती म्हणाली, "पाहुणे म्हणजे आम्हीच ना ते?" आणि कितीतरी दिवस त्याच्याशी मोजकंच बोलली.

पिकअप आता चालते. येरमटोल्याहून हाक आली की प्रफुल उठतो, काहीही विचारत नाही. त्या माणसाचं बोलाल तर त्यानंतर तो कोणाला दिसला नाही.

फक्त एक गोष्ट आहे, आणि तिचा उलगडा त्यालाही झालेला नाही. धानाच्या दिवसांत राईस मिलवर गाडी वजनकाट्यावर चढवावी लागते. माल उतरवला की रिकामी गाडी पुन्हा तोलतात. ती दर वेळी कागदावरच्या वजनापेक्षा जास्त भरते. प्रफुल खाली उतरतो. जॅक काढला, स्टेपनी काढली, टाकीतलं डिझेल मोजलं. दुसऱ्या मिलच्या काट्यावर नेऊन पाहिली. तेवढंच जास्त. एका माणसाचं असतं तेवढं.

पहिल्यांदा काटेवाल्यानं खिडकीतून ओरडून विचारलं होतं, "मागं कोन बसलं आहे? उतरव त्याले."

आता तो विचारत नाही. आकडा पाहतो, एक माणूस वजा करतो, आणि पावती लिहून देतो.